आईला पुन्हा आयसीयूत न्यायचे नाही. हे डॉक्टरांना कधी आणि कसे सांगावे?

मुळाकाठ, पुणे

नमस्कार. गेल्या वर्षी श्रावणात माझे वडील गेले. वय 79, फुप्फुसांचा जुनाट आजार, शेवटची दोन वर्षे घरीच ऑक्सिजनच्या यंत्रावर. शेवटच्या खेपेला त्यांना एका खासगी रुग्णालयात नेले तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते. माझ्या लेकीच्या वयाच्या डॉक्टरने माझ्यापुढे संमतीपत्र धरले आणि विचारले, "नळी टाकायची ना? नाही टाकली तर आत्ताच जातील." त्या घटकेला 'नको' म्हणण्याची माझी छाती झाली नाही.

त्यानंतर अकरा दिवस ते व्हेंटिलेटरवर होते. नळी ओढून काढतील म्हणून दोन्ही मनगटे बँडेजच्या पट्टीने पलंगाच्या दांडीला बांधलेली होती. भेट सकाळी दहा मिनिटे, संध्याकाळी दहा मिनिटे. सातव्या दिवशी त्यांनी माझ्या तळहातावर बोटाने दोनदा 'घ' काढला. मला ते 'घर' वाटले. धाकटा भाऊ म्हणतो की त्यांना पाण्याचा 'घोट' हवा असेल. आमचा हा वाद अजून मिटलेला नाही.

अकराव्या दिवशी आम्ही त्यांना घरी नेण्याचे ठरवले, तेव्हा 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध स्वतःच्या जबाबदारीवर' अशा मजकुराच्या कागदावर सही करायला सांगण्यात आले. सही होताक्षणी रुग्णालयाचा आणि आमचा संबंध संपला. धाप लागली तर काय द्यायचे, तोंड कोरडे पडले तर काय करायचे, कोणाला फोन करायचा, यातले काहीही कोणी सांगितले नाही. अँब्युलन्समधला मुलगा वाटभर श्वास देणारा फुगा हाताने दाबत होता. घरी पोहोचल्यावर तोही निघून गेला आणि पुढची चाळीस मिनिटे वडील आमच्या डोळ्यांदेखत श्वासासाठी तडफडत गेले.

आता आई. वय 76, नऊ वर्षांपासून पार्किन्सन्स, अन्न श्वासनलिकेत जाऊन यंदा दोनदा न्यूमोनिया. बोलणे मंदावले आहे, पण बुद्धी शाबूत आहे. ती स्पष्ट म्हणते, "मला त्यांच्यासारखं बांधून ठेवू नका." माझे प्रश्न असे आहेत: वडिलांच्या वेळी त्या कागदावर सही करणे हा एकच मार्ग होता का? आईची इच्छा कायद्याने ग्राह्य धरली जावी यासाठी नेमके काय करावे? आणि रात्री-अपरात्री तिला धाप लागली, तर रुग्णालयात न नेता आम्ही घरी काय करू शकतो? सांत्वन नको आहे; ते पुष्कळ मिळाले. या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी माहिती द्यावी.

---

रात्रपाळी, नाशिक

मी बावीस वर्षे अतिदक्षता विभागात काम करतो आहे, त्यामुळे तुमच्या प्रश्नात मी आरोपीच्या पिंजऱ्यात आहे हे समजून लिहितो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. तो एकमेव मार्ग नव्हता. मात्र तो सर्वाधिक वापरला जाणारा मार्ग आहे, कारण त्यात रुग्णालयाला सगळ्यांत कमी त्रास होतो. उपचारांचा उपयोग उरलेला नाही हे डॉक्टरांना कळलेले असते, नातेवाइकांनाही उमगलेले असते, पण ते वाक्य उच्चारण्याची आणि त्याखाली सही करण्याची जबाबदारी कोणालाच नको असते. म्हणून 'आम्ही सांगत होतो, त्यांनी ऐकले नाही' अशा अर्थाचा कागद तयार होतो. प्रत्यक्षात त्या क्षणी आमचा सल्ला विरुद्ध नसतोच. कित्येकदा आम्हीच दबक्या आवाजात "घरी नेण्याचा विचार करा" असे सुचवलेले असते. कागदावर मात्र उलटे लिहिले जाते आणि त्या खोट्या कागदाची किंमत रुग्ण मोजतो, कारण सल्ल्याविरुद्ध गेलेल्या माणसाला औषधांची चिठ्ठी कशी लिहून द्यायची?

आमच्या यंत्रणेची घडण अशी आहे की 'करणे' हे आपोआप घडते आणि 'न करणे' यासाठी समिती लागते. नळी टाकायला एका सहीचे काम आहे. ती टाकू नये किंवा टाकलेली काढावी असे ठरवायचे, तर सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली घालून दिलेली आणि जानेवारी 2023 मध्ये सोपी केलेली प्रक्रिया पाळावी लागते. उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ यांचे प्राथमिक मंडळ रुग्णालयानेच नेमायचे. त्यांच्या निर्णयानंतर दुसरे मंडळ बसते. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुचवलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ असतात. दोन्ही मंडळांनी शक्यतो 48 तासांत मत द्यावे, कुटुंबाची संमती घ्यावी आणि अंमलबजावणीपूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावे, अशी ती रीत आहे. 2018 च्या मूळ निकालात तर दंडाधिकाऱ्यांनी स्वतः येऊन रुग्णाला पाहायचे होते आणि तज्ज्ञांना वीस वर्षांचा अनुभव हवा होता. तालुक्याच्या गावी असे तीन डॉक्टर गोळा करायचे म्हणजे संमेलनच भरवावे लागले असते. आताची रीत पाळण्याजोगी आहे, आणि रुग्णाने आधी काही लिहून ठेवलेले नसले तरीही ती वापरता येते. तरीसुद्धा आपल्या इमारतीत असे मंडळ कोणी बोलवायचे हेच कित्येक रुग्णालयांत ठरलेले नाही.

पैशांविषयी तुम्ही विचारले नाही, पण मनात आले असेल. खासगी आयसीयूत रोजचे बिल वाढत असते आणि ते कोणालाच नको असते असे मी म्हणणार नाही. परंतु माझ्या पाहण्यात डॉक्टरचा हात अडवते ती मुख्यतः भीती: पोलिसांची, ग्राहक न्यायालयाची, जमावाची आणि परदेशातून तिसऱ्या दिवशी येऊन "तुम्ही प्रयत्नच केले नाहीत" असे म्हणणाऱ्या मुलाची. आम्हांला शिकवलेही नव्हते. मी एम.बी.बी.एस. करताना मरणासन्न माणसाची काळजी कशी घ्यावी यावर एक तासही झाला नाही. 'क्रिटिकल आहेत', 'रिस्पॉन्स कमी आहे', 'पुढचे चोवीस तास महत्त्वाचे' ही वाक्ये मी हजारो वेळा वापरली आहेत. 'ते आता मरणाच्या वाटेवर आहेत' हे मात्र फार क्वचित बोललो.

रात्री अडीचचा तो प्रश्नच चुकीचा होता. वडिलांना आधीच्या वर्षभरात कितीदा दाखल करावे लागले, घरात ते स्नानगृहापर्यंत चालत जात होते का, त्यांनी स्वतः कधी काही बोलून दाखवले होते का, हे विचारल्यानंतर डॉक्टरने स्वतःचे मत द्यायला हवे होते. खात्री नसेल तर मुदतीचा प्रयत्न हा एक मध्यम मार्ग असतो. नळी टाकायची, पण तेव्हाच ठरवायचे की तीन किंवा पाच दिवसांनी बसून पाहू. सुधारणा दिसली नाही, तर उपचाराचा रोख बरे करण्याकडून त्रास कमी करण्याकडे वळवू. आईच्या बाबतीत हे बोलणे आजच तिच्या नेहमीच्या न्यूरॉलॉजिस्टशी करा. अपघात विभागाच्या दारात ते होत नाही.

---

कागदपत्री, मडगाव

दुसऱ्या प्रश्नापुरते लिहितो. मी डॉक्टर नाही. निवृत्तीनंतर स्वतःचे वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे आपण बोलू शकणार नाही तेव्हा कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणारा कागद, केले आहे.

आधी एक गल्लत दूर करायला हवी. आपल्याकडे या सगळ्याला सरसकट 'इच्छामरण' म्हणतात आणि त्या शब्दाने माणसे, डॉक्टरसुद्धा, बिचकतात. प्राणघातक इंजेक्शन देऊन मृत्यू आणणे भारतात गुन्हाच आहे. येथे प्रश्न आहे तो निरुपयोगी ठरलेले उपचार न करण्याचा किंवा थांबवण्याचा. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 रोजी हल्ला झाला आणि पुढची जवळजवळ बेचाळीस वर्षे त्या त्याच रुग्णालयात अंथरुणावर होत्या. त्यांना भरवणे थांबवावे म्हणून केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2011 मध्ये फेटाळली. ज्या परिचारिकांनी त्यांना इतकी वर्षे न्हाऊ-माखू घातले, भरवले, त्यांचाच याचिकेला विरोध होता आणि न्यायालयाने त्यांच्या शब्दाला मान दिला. मात्र उपचार थांबवण्याची वाट, उच्च न्यायालयाच्या परवानगीची अट घालून का होईना, त्याच निकालाने पहिल्यांदा उघडली. 18 मे 2015 रोजी अरुणाताई न्यूमोनियाने गेल्या. तीन वर्षांनी, 9 मार्च 2018 रोजी, घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क घटनेच्या 21 व्या कलमात येतो असे सांगून वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली.

तुमच्या आईची बुद्धी शाबूत आहे, म्हणून सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की आज तिला कागदाची गरजच नाही. सज्ञान, भानावर असलेल्या माणसाने कोणताही उपचार नाकारला, तर तो नकार डॉक्टरांवर बंधनकारक आहे, मग त्यामुळे जीव जाणार असला तरी. कागद लागतो तो ती बोलू शकणार नाही त्या दिवसासाठी. पार्किन्सन्समध्ये पुढे स्मृतीवरही परिणाम होऊ शकतो, म्हणून उशीर करू नका.

मजकूर साधा असावा. कोणत्या अवस्थेत कोणते उपचार नकोत, हे नावानिशी लिहावे: कृत्रिम श्वासोच्छ्वास, हृदय बंद पडल्यावर छाती दाबणे, डायलिसिस, नाकातून नळीने अन्न. 'वेदना आणि धाप कमी करणारे सर्व उपचार हवेत' हे वाक्य विसरू नये. आपल्या वतीने बोलणाऱ्याचे नाव द्यावे. 2023 पासून एकाहून अधिक नावे देता येतात, पण दोघांचे एकमत नसेल तर काय, तेही लिहून टाकावे. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन करावे. पूर्वी यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे लागे. एक प्रत घरच्या डॉक्टरांना आणि एक स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अभिरक्षक (इच्छापत्रे जपून ठेवणाऱ्या) अधिकाऱ्याला द्यायची असते. महाराष्ट्रात हे अधिकारी नेमले जावेत म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार यांना उच्च न्यायालयात जावे लागले. नेमणुका झाल्या आहेत, मात्र खिडकीवरच्या माणसाला त्याची वार्ता असेलच असे नाही, म्हणून पोच घेतल्याशिवाय हलू नका. आमच्या गोव्यात मे 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र केले, त्याचा फायदा असा झाला की माझ्या नोटरीने निदान "हे काय असते?" असे विचारले नाही.

आई लिहू शकत नसेल, तर तिचे बोलणे मोबाइलवर चित्रित करून ठेवा. त्याने कागदाची जागा घेता येत नाही, पण परदेशातून येणाऱ्या नातेवाइकापुढे त्याचा उपयोग होतो.

---

माहेर_मिरज

मी परिचारिका आहे. पूर्वी सर्जिकल वॉर्डात होते. आता चौदा वर्षे घरोघरी जाऊन मरणोन्मुख रुग्णांची सेवा करते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देते, थोडे सविस्तर.

धाप ही गोष्ट बघणाऱ्याला सर्वांत असह्य होते आणि ऐनवेळी घाबरून रुग्णाला पुन्हा आयसीयूत नेले जाते ते बहुतेक वेळा धापेमुळेच. तिच्यावर घरी उपाय आहे. अगदी कमी मात्रेतील मॉर्फिन श्वासाची तगमग कमी करते. 'मॉर्फिन दिले की माणूस जातो' ही समजूत मी डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकली आहे, पण योग्य मात्रा हळूहळू वाढवत नेली तर तसे होत नाही. सुस्ती येते, मळमळ होते आणि बद्धकोष्ठ हमखास होतो, म्हणून पहिल्या दिवसापासून रेचक बरोबर द्यावे लागते. हे औषध कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे मिळणार नाही. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांचे असे जंजाळ उभे केले की रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडून दिले. 2014 च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला एकाच परवानगीवर ते ठेवता येते. म्हणजे तुम्हांला अशी संस्था आधी शोधून आईचे नाव तेथे नोंदवून ठेवावे लागेल. पुण्यात वारजे येथे सिप्लाचे पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करणाऱ्या सेवेचे, केंद्र आहे. 1997 पासून ते विनामूल्य चालते, पण प्रामुख्याने कर्करोगाच्या रुग्णांसाठी. वांद्र्याचे शांती आवेदना सदन 1986 चे, देशातले पहिले हॉस्पिस (मरणोन्मुख रुग्णांचे सेवागृह), तेही कर्करोगासाठीच. पार्किन्सन्स, फुप्फुस, हृदय, मूत्रपिंड यांच्या रुग्णांना आपल्याकडे असे आश्रयस्थान फार कमी आहे आणि ही या व्यवस्थेतली मोठी उणीव आहे, कारण तडफड आजाराचे नाव बघून येत नाही. तरीही वारज्याला फोन करून विचारा. दुसरे कोणी घरी येते का, हे त्यांना ठाऊक असते. केरळात पंचायतीच्या परिचारिका घरोघर जातात. तेथल्या सरकारने 2008 मध्येच त्याचे धोरण केले.

औषधाखेरीज काय करायचे, तेही सांगते. पाठीशी तीन उशा देऊन आईला अर्धवट बसते ठेवा. टेबलफॅन चेहऱ्याच्या बाजूला, नाका-गालांवर वारा लागेल असा लावा. हा उपाय पोरखेळ वाटतो, पण त्याने धाप कमी जाणवते. खोलीत माणसांची गर्दी नको. शेवटच्या दिवसांत घशात घरघर सुरू होते, तेव्हा कुशीवर वळवा. ती घरघर रुग्णाला जाणवत नसते, त्रास आपल्याला होतो. यंत्राने घसा खरवडत बसू नका.

आणि अन्नपाणी. "उपाशी कसे ठेवायचे?" या एका प्रश्नापायी नाकात नळी जाते. शरीर मिटू लागले की भूक आधी मिटते. खात नाहीत म्हणून ते जात नसतात, जात असतात म्हणून खात नाहीत. आईला गिळता येते तोवर घट्टसर पातळ पदार्थ, अर्धा चमचा, हनुवटी खाली, आणि गिळले हे पाहून मगच पुढचा चमचा. पुढे गिळणे थांबले की कापसाच्या बोळ्याने ओठ, जीभ, गालांच्या आतली बाजू दर दोन तासांनी ओली करा. तोंड ओले असेल तर तहान फारशी जाणवत नाही. माझ्या एका रुग्ण-आजोबांना चहाची तल्लफ होती. सून चहात बोळा बुडवून त्यांच्या जिभेवर फिरवायची आणि ते चक्क ओठ चाटायचे. तुमच्या वडिलांना 'घोट' हवा असेल, तर आयसीयूतही एवढे करता आले असते. मी तेथे असते तर केले असते का, सांगता येत नाही. त्या काळात मीही मनगटे बांधलेली आहेत.

घरी मृत्यू होणार असेल, तर तुमच्या फॅमिली डॉक्टरांना आजपासून महिन्यातून एकदा तरी आईला दाखवत राहा. कारणाचा दाखला नमुना 4-अ वर त्यांनाच द्यावा लागतो, आणि ज्याने रुग्णाला पाहिलेलेच नाही असा डॉक्टर तो देत नाही. मग पोलीस आणि शवविच्छेदनापर्यंत गोष्ट जाऊ शकते.

---

दुसरी_बाजू, ठाणे

वरील उत्तरे मोलाची आहेत, पण एक खटकते, ते सांगितल्यावाचून राहवत नाही. माझ्या थोरल्या भावाला, वय 58, यकृताच्या आजारात एका रुग्णालयाने 'आता घरी न्या' असे सांगितले होते. आम्ही ऐकले नाही, दुसरीकडे हलवले, सतरा दिवस तोही व्हेंटिलेटरवर होता, आणि आज तो रोज तलावपाळीला फेरी मारतो. पैसे संपत आलेल्या कुटुंबाला 'सन्मानाने घरी न्या' हे वाक्य वेगळे ऐकू येते. जनरल वॉर्डातल्या माणसाच्या बाबतीत हा निर्णय लवकर आणि स्पेशल रूममधल्याच्या बाबतीत उशिरा होत नाही, अशी खात्री कोणी देईल का?

---

रात्रपाळी, नाशिक

नाही, तशी खात्री मला देता येणार नाही. सरकारी रुग्णालयात खाटच नसते म्हणून उपचार थांबलेले मी पाहिले आहेत आणि खासगीत विमा संपेपर्यंत चाललेलेही. दोन मंडळांची कटकट आहे ती यासाठीच. एकट्या डॉक्टरने किंवा एकट्या मुलाने हिशेब मांडू नये म्हणून. तुमच्या भावाच्या वेळी दुसरे मत घेतले हे योग्यच झाले, आणि ते मागण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मात्र 58 व्या वर्षी अचानक बिघडलेले यकृत आणि दोन वर्षे ऑक्सिजनवर असलेले 79 वर्षांचे फुप्फुस यांना एकाच मापाने मोजू नये. पहिल्या माणसात परत येण्याजोगे काहीतरी शिल्लक होते.

---

मुळाकाठ, पुणे

सर्वांची आभारी आहे. काल न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. त्यांना विषय काढलेला आवडला नसावा; दोनदा घड्याळाकडे पाहिले. तरी आईने स्वतःच, शब्द जुळवत, "नळी नको" म्हटले, तेव्हा त्यांनी ते केसपेपरवर तिच्याच शब्दांत लिहिले, खाली सही केली आणि तारीख घातली. नोटरीची वेळ सोमवारची मिळाली आहे. वारज्याहून पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी घरी येणाऱ्या एका डॉक्टरांचा फोन नंबर मिळाला.

मजकूर आईला वाचून दाखवत होते. 'नाकातून नळीने अन्न नको' येथे ती थांबली आणि बराच वेळ काहीतरी म्हणत राहिली. मला वाटले, विचार बदलला. कान तोंडाशी नेला तेव्हा कळले, तिला त्याच्या खाली लिहून हवे होते की आमसुलाचे सार मात्र बोळ्याने द्यावे. नोटरी हे चालवून घेईल का?

---

कागदपत्री, मडगाव

चालवून घेईल. नोटरी सही आणि ओळख पाहतो, मजकुरातले सार नाही. स्वतंत्र कलम करा.